अथेन्सचा सिंह : एडविन फ्लॅक

 

शाळेच्या क्रीडादिनाला तुम्ही सगळे धावताच. कोणाला पदक मिळते, कोणी चौथा येतो, कोणाच्या पोटात मध्येच दुखू लागते. या अंकात आपण अशा एका धावपटूची ओळख करून घेणार आहोत, ज्याने एका आठवड्यात दोन मोठ्या शर्यती जिंकल्या आणि तिसरी शर्यत त्याला पुरी करता आली नाही. गंमत म्हणजे लोक त्याच्या त्या तिसऱ्या शर्यतीची गोष्टही तितक्याच आवडीने सांगतात.

त्याचे नाव एडविन हॅरल्ड फ्लॅक. घरचे आणि मित्र त्याला टेडी म्हणत. ऑलिंपिक स्पर्धेत पहिला आलेला हा पहिला ऑस्ट्रेलियन, आणि तो वाढला आपल्या मेलबर्नमध्ये. मेलबर्नच्या आग्नेयेला बर्विक नावाचे उपनगर आहे. तिथल्या हाय स्ट्रीटवर त्याचा धावतानाचा पुतळा आहे. तुमच्यापैकी कित्येक जण आईबाबांबरोबर गाडीतून त्या पुतळ्यावरून गेलेही असाल!

ही गोष्ट आहे १८९६ सालची. तेव्हा विमानाचा शोध लागायचा होता. मुंबईत ट्राम होती, पण ती घोडे ओढत असत. त्याच वर्षी जुलै महिन्यात मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये भारतात पहिल्यांदा हलती चित्रे, म्हणजे सिनेमा, दाखवला गेला. आता काळ किती जुना ते तुमच्या लक्षात आले असेल.

लंडनचा जन्म, मेलबर्नचे बालपण

एडविनचा जन्म ५ नोव्हेंबर १८७३ रोजी लंडनमध्ये झाला. तो पाच वर्षांचा असताना त्याचे आईवडील मुलांना घेऊन ऑस्ट्रेलियात राहायला आले. म्हणजे तोही तुमच्यातल्या पुष्कळांसारखाच, लहानपणी आईवडिलांचे बोट धरून दूरच्या देशातून इथे आलेला. तुम्ही विमानात एक झोप काढून पोहोचलात, त्याच्या वेळी मात्र कित्येक आठवडे बोटीत काढावे लागत.

वडील जोसेफ फ्लॅक हिशेबतपासनीस होते. मेलबर्नमध्ये त्यांनी भागीदारीत स्वतःची फर्म काढली आणि जम बसवला. एडविनला त्यांनी मेलबर्न ग्रामर या शाळेत घातले. शाळेत त्याची धावण्यातली चमक दिसू लागली. शाळा संपल्यावर तो मेलबर्नियन हेअर अँड हाउंड्स या धावण्याच्या क्लबात धावू लागला. हेअर म्हणजे ससा आणि हाउंड्स म्हणजे शिकारी कुत्रे. या खेळात एक-दोन जण ससे बनून कागदाचे कपटे टाकत पुढे पळत, आणि बाकीचे कुत्रे बनून त्या कपट्यांच्या मागावर शेताशिवारातून, ओढ्यानाल्यांतून धावत. आपल्या लपंडावाचा आणि पकडापकडीचा हा लांबलचक भाऊच म्हणायचा.

१८९३ साली, वयाची वीस वर्षेही पुरी झालेली नसताना, एडविनने ऑस्ट्रेलेशियन स्पर्धेतली एक मैलाची शर्यत जिंकली. ऑस्ट्रेलेशिया म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या वसाहती आणि न्यूझीलंड मिळून. एक मैल म्हणजे सुमारे १६०९ मीटर, शाळेच्या चारशे मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या आणि वर थोडेसे. हेच एडविनचे खरे अंतर होते. अर्धा मैल, एक मैल. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

मात्र धावणे हा त्याचा छंद होता, पोटापाण्याचा उद्योग नव्हे. वडिलांसारखेच हिशेबतपासनीस व्हायचे असे ठरलेले होते. त्यासाठी मोठा अनुभव मिळावा म्हणून १८९५ साली तो लंडनला गेला आणि प्राइस वॉटरहाउस या नामांकित फर्ममध्ये उमेदवारी करू लागला. दिवसभर जमाखर्चाच्या वह्या आणि मोकळ्या वेळात लंडन अ‍ॅथलेटिक क्लबात धावणे, असा त्याचा दिनक्रम सुरू झाला.

पंधराशे वर्षांनी पुन्हा ऑलिंपिक

प्राचीन काळी ग्रीस देशात ऑलिंपिया नावाच्या ठिकाणी दर चार वर्षांनी खेळांचे सामने भरत. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी ते बंद पडले. फ्रान्समधील पिएर द कुबर्तां या गृहस्थांनी ते पुन्हा सुरू करायचे मनावर घेतले. १८९४ साली पॅरिसला परिषद भरली आणि ठरले की पहिली नवी ऑलिंपिक स्पर्धा १८९६ मध्ये ग्रीसची राजधानी अथेन्स इथे घ्यायची.

अथेन्समध्ये एक पुरातन स्टेडियम मोडकळीस आलेले होते. जॉर्ज अवेरोफ या धनिक ग्रीक व्यापाऱ्याने पैसे दिले आणि ते पांढऱ्या संगमरवरात पुन्हा बांधले गेले. दिसायला फार सुंदर, पण धावायला अवघड! मैदान लांबट आणि अरुंद होते, वळणे अगदी आखूड होती, आणि जमीन भुसभुशीत. त्यात सगळ्या शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावल्या गेल्या. आज आपण नेमके उलटे धावतो.

आजकाल प्रत्येक देश आपला संघ निवडतो, गणवेश देतो, विमानाची तिकिटे काढतो. तेव्हा तसे काही नव्हते. ज्याला हौस असेल त्याने आपल्या खर्चाने जावे, एवढेच. आणि ऑस्ट्रेलियाने संघ पाठवायचा तर ऑस्ट्रेलिया नावाचा देश तरी कुठे होता? व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स वगैरे सहा वेगवेगळ्या इंग्रजी वसाहती होत्या. त्या एकत्र येऊन देश झाला १ जानेवारी १९०१ रोजी.

लंडनच्या क्लबात एडविनच्या कानावर या स्पर्धेची बातमी आली. त्याने ऑफिसातून महिन्याभराची रजा घेतली आणि निघाला. कोणी त्याला निवडले नव्हते की निरोप द्यायला कोणी हारतुरे घेऊन आले नव्हते. आगगाडी आणि बोट असा सहा दिवसांचा दमवणारा प्रवास करून तो अथेन्सला पोहोचला. तिथे काही इंग्रज खेळाडूंबरोबर त्याने बिऱ्हाड केले. तो बावीस वर्षांचा होता.

पाच दिवसांचे वेळापत्रक

स्पर्धा ६ एप्रिल १८९६ रोजी सुरू झाली. ग्रीस देशात तेव्हा जुने कॅलेंडर चालू होते, त्यामुळे त्यांच्या हिशेबाने तो दिवस होता २५ मार्च, म्हणजे त्यांचा स्वातंत्र्यदिन. एकच दिवस आणि दोन तारखा! आपल्या घरी वाढदिवस तिथीने आणि तारखेने असा दोनदा येतो, तसेच काहीसे.

सुमारे चौदा देशांतले अडीचशेच्या आत-बाहेर खेळाडू जमले होते. सगळे पुरुष. स्त्रियांना त्या वर्षी भाग घेता आला नाही. आता एडविनचे पाच दिवस कसे गेले ते पाहा :

६ एप्रिल : ८०० मीटरची प्राथमिक फेरी. एडविन पहिला.

७ एप्रिल : १५०० मीटरची अंतिम शर्यत.

८ एप्रिल : टेनिस! होय, तो टेनिसही खेळला. एकेरीत पहिल्याच सामन्यात ग्रीक खेळाडूकडून हरला.

९ एप्रिल : ८०० मीटरची अंतिम शर्यत. त्यानंतर घोडागाडीने मॅरेथॉन गावाकडे प्रयाण.

१० एप्रिल : मॅरेथॉन शर्यत.

पालकहो, आपल्या मुलांच्या शनिवार-रविवारच्या धावपळीची आठवण झाली ना?

१५०० मीटरच्या शर्यतीत अमेरिकेच्या आर्थर ब्लेककडे सगळ्यांचे लक्ष होते. तोपर्यंत मैदानी स्पर्धांतली सगळी विजेतेपदे अमेरिकन खेळाडूंनीच पटकावली होती. सुरुवातीला फ्रान्सचा लेर्म्यूझियो पुढे होता. तो मागे पडल्यावर ब्लेक आणि एडविन यांच्यात चुरस लागली. शेवटच्या टप्प्यात एडविनने वेग वाढवला आणि काही पावलांनी ब्लेकला मागे टाकले. वेळ लागला ४ मिनिटे ३३.२ सेकंद. ब्लेक सेकंदाहूनही कमी फरकाने मागे होता. अमेरिकन साखळी तुटली!

दोन दिवसांनी ८०० मीटरची अंतिम शर्यत झाली. एका फेरीतून निवडला गेलेला लेर्म्यूझियो या शर्यतीला उभाच राहिला नाही. दुसऱ्या दिवशीच्या मॅरेथॉनसाठी त्याने ताकद राखून ठेवली. उरले तिघे. एडविनने हंगेरीच्या नांदोर दानीला मागे टाकून २ मिनिटे ११ सेकंदांत ही शर्यतही जिंकली.

त्या वर्षी मैदानी खेळांच्या एकूण १२ स्पर्धा झाल्या. त्यांतल्या ९ अमेरिकनांनी जिंकल्या. उरलेल्या तिनांपैकी दोन एकट्या एडविनच्या. आणि तिसरी? तीच तर पुढची गोष्ट.

चाळीस किलोमीटर

फार पूर्वी, इसवी सनापूर्वी ४९० साली, मॅरेथॉन गावाजवळच्या मैदानात ग्रीक आणि इराणी सैन्यांची लढाई झाली. ग्रीक जिंकले. विजयाची बातमी घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धावत गेला आणि बातमी सांगून तिथेच कोसळला, अशी दंतकथा आहे. आपल्याकडे पावनखिंडीची गोष्ट मुलांना सांगतात, तशी तिकडे ही सांगतात. त्या दूताच्या आठवणीसाठी मॅरेथॉन ते अथेन्स अशी शर्यत ठेवावी, ही कल्पना मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताने मांडली. एका भाषेच्या शिक्षकाला सुचलेली ही शर्यत आज जगभर धावली जाते, हे आपल्या वर्गाने लक्षात ठेवायला हरकत नाही!

अंतर होते सुमारे ४० किलोमीटर. आजचे ४२.१९५ किलोमीटरचे अंतर बऱ्याच वर्षांनी पक्के झाले. एडविन तोवर कधीही १० मैलांहून, म्हणजे सुमारे १६ किलोमीटरहून, जास्त अंतर शर्यतीत धावला नव्हता. त्याच दिवशी ८०० मीटरची शर्यत जिंकलेली, आदल्या दिवशी टेनिस, त्याच्या आदल्या दिवशी १५०० मीटर. आणि आता संध्याकाळी घोडागाडीचे धक्के खात काही तास प्रवास करून तो मॅरेथॉन गावात मुक्कामाला गेला.

त्याला जायलाच हवे होते का? मुळीच नाही. दोन शर्यती खिशात होत्या. अथेन्समध्ये आराम करून, सज्ज्यात बसून मॅरेथॉन पाहता आली असती. कोणी त्याला नावे ठेवली नसती. तरी तो गेला.

१० एप्रिलला दुपारी दोन वाजता सतरा धावपटू निघाले. तेरा ग्रीक आणि चार परके : एडविन, ब्लेक, लेर्म्यूझियो आणि हंगेरीचा ग्युला केल्नर. यातले पहिले तिघे म्हणजे १५०० मीटरचे पहिले तीन क्रमांक. इतक्या लांब धावण्याचा अनुभव परक्यांपैकी फक्त केल्नरला होता. ग्रीक धावपटूंनी तर आधी याच रस्त्यावर निवडचाचण्या दिल्या होत्या.

लेर्म्यूझियोने सुरुवातीलाच मोठी आघाडी घेतली. वाटेतल्या एका गावात लोकांनी त्याला विजेता समजून डोक्यावर पानांचा मुकुटही घातला. पण मॅरेथॉनचा रस्ता फसवा आहे. आधी समुद्राकाठची सपाटी, मग लांबच लांब चढण, आणि चढण संपल्यावर अथेन्सकडे उतार. चढणीने एकेकाला गाठले. सुमारे २३ किलोमीटरला ब्लेकने शर्यत सोडली. ३२ किलोमीटरच्या आसपास लेर्म्यूझियोही थांबला. आणि आता सर्वांत पुढे कोण होता? एडविन फ्लॅक!

एका सायकलस्वाराने ही बातमी स्टेडियममध्ये आणली. हजारो ग्रीक प्रेक्षक तिथे वाट पाहत बसले होते. त्यांच्या देशाने सामने भरवले, पण मैदानी खेळांत त्यांना एकही विजय मिळाला नव्हता. मॅरेथॉन तरी आपली, ही त्यांची आशा होती. ऑस्ट्रेलियाचा धावपटू पुढे आहे हे ऐकून सगळे स्टेडियम गप्प झाले.

तिकडे रस्त्यावर एडविनच्या मागून एक ग्रीक धावपटू हळूहळू जवळ येत होता. त्याचे नाव स्पिरिदोन लुईस. मारूसी गावचा हा तरुण पाणी वाहून नेण्याचे काम करत असे. त्याने घाई केली नव्हती. ३३-३४ किलोमीटरला त्याने एडविनला गाठले आणि मागे टाकले. एडविनने त्याला सोडले नाही, काही वेळ तो मागे मागे धावत राहिला. पण आता पाय ऐकेनात.

असे का होते ते थोडक्यात सांगते. आपल्या स्नायूंमध्ये आणि यकृतात साखरेचा एक साठा असतो. जोरात धावताना शरीर तो वापरते. बहुतेकांचा हा साठा साधारण तीस किलोमीटरपर्यंत पुरतो. त्यानंतर शरीराला दुसऱ्या इंधनावर चालावे लागते आणि त्याची सवय महिनोन्‌महिने लांब धावूनच होते. साठा संपला की पाय जड होतात, डोके गरगरते, भान हरपते. आजचे धावपटू म्हणूनच वाटेत साखरेचे पाणी पितात. एडविनचे शरीर चार-पाच मिनिटांच्या शर्यतींसाठी तयार झालेले होते. ते सदतीस किलोमीटरपर्यंत टिकले, हेच आश्चर्य!

सुमारे ३७ किलोमीटरला, स्टेडियम तीन-चार किलोमीटरवर आले असताना, एडविन झोकांड्या खाऊ लागला. तो पडेल म्हणून रस्त्यावरचा एक ग्रीक माणूस सावरायला पुढे आला. पण एडविनला आता कशाचेच भान नव्हते. कोणी आपल्यावर धावून येत आहे असे वाटून त्याने त्या माणसाला ठोसा मारला आणि स्वतःही कोसळला, असे सांगतात. त्याला गाडीत घालून स्टेडियमवर नेण्यात आले. तिथे ग्रीसच्या राजपुत्र निकोलसने जातीने त्याची देखभाल करवली आणि ब्रँडीत अंडे घालून पाजले, असेही सांगतात.

लुईस २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत स्टेडियममध्ये शिरला. दोन ग्रीक राजपुत्र त्याच्याबरोबर शेवटपर्यंत धावले. लोकांनी टोप्या, फुले, रुमाल हवेत उडवले. परक्यांपैकी शर्यत पुरी केली ती एकट्या केल्नरने. तो चौथा आला होता, पण तिसरा आलेला ग्रीक धावपटू वाटेत काही अंतर गाडीत बसून आला हे उघड झाले, त्याला बाद केले, आणि केल्नर तिसरा ठरला. सराव करून आलेला आणि सरळपणे धावलेला एकच परका, आणि तोच पोहोचला. हेही लिहून ठेवण्यासारखे आहे.

पदक चांदीचे

१५ एप्रिलला बक्षीस समारंभ झाला. त्या काळी पहिल्या क्रमांकाला सोन्याचे पदक नसे. पहिल्याला चांदीचे पदक आणि ऑलिंपियाहून आणलेली ऑलिव्हची डहाळी, दुसऱ्याला तांब्याच्या रंगाचे पदक आणि लॉरेलची डहाळी. तिसऱ्याला काहीच नाही! एडविनला दोन चांदीची पदके मिळाली. पुढे त्याचे नाव टेनिस दुहेरीच्या तिसऱ्या क्रमांकातही नोंदले गेले. जॉर्ज रॉबर्टसन या इंग्रज मित्राबरोबर तो दुहेरी खेळला होता, आणि एकही सामना न जिंकता तिसरा ठरला, कारण पहिल्या फेरीत त्यांच्यासमोर कोणी जोडीच नव्हती.

अथेन्समध्ये तो सर्वांचा लाडका झाला. रस्त्यात लोक त्याला ओळखू लागले. अथेन्सचा सिंह हे बिरूद त्याला चिकटले ते कायमचेच. मग रजा संपली. एडविन लंडनला परतला आणि पुन्हा जमाखर्चाच्या वह्या उघडून बसला.

१८९८ साली तो मेलबर्नला परत आला आणि वडिलांच्या व्यवसायात शिरला. ती फर्म पुढे फ्लॅक अँड फ्लॅक या नावाने ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये नावारूपाला आली. मोठ्या शर्यतींतून तो बाजूला झाला. त्याची सगळी आंतरराष्ट्रीय कारकीर्द म्हणजे जेमतेम एक आठवडा! बर्विकला त्याने जमीन घेतली, फ्रीजियन जातीच्या गाई पाळल्या. त्याने लग्न केले नाही. १० जानेवारी १९३५ रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मेलबर्नमध्ये त्याचे निधन झाले. तेव्हा फार थोड्या लोकांना त्याची आठवण होती.

एक योगायोग सांगते. बर्विक मेलबर्न शहरापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. म्हणजे मॅरेथॉन ते अथेन्स एवढेच जवळजवळ. जे अंतर त्याला एकदा पुरे करता आले नाही, तेवढेच अंतर शहरातले ऑफिस आणि बर्विकची गोठ्याची जागा यांच्यामध्ये होते. मात्र आता आगगाडी होती!

एडविन कोणाचा?

आता एक गंमतीचा प्रश्न. एडविन जिंकला तेव्हा कोणता झेंडा फडकला? ऑस्ट्रेलियाचा झेंडा तेव्हा नव्हताच. ब्रिटनचा झेंडा वर चढला. आधी चुकून ऑस्ट्रियाचा झेंडा चढवला गेला होता, असाही एक किस्सा सांगतात. तो धावला तो मेलबर्नच्या आपल्या जुन्या शाळेच्या रंगाचे कपडे घालून, असे म्हणतात. जन्म लंडनचा, घर मेलबर्नचे, नोकरी लंडनची, सदस्यत्व लंडनच्या क्लबाचे. मग तो कोणाचा?

आज सगळ्या नोंदींत तो ऑस्ट्रेलियाचा आहे. आधुनिक उन्हाळी ऑलिंपिकच्या प्रत्येक खेपेला आपले खेळाडू होते, असे ऑस्ट्रेलियाला अभिमानाने म्हणता येते ते एडविनमुळे. १८९६ साली तो एकटाच तर होता! १९९६ साली शंभर वर्षे झाली तेव्हा ऑस्ट्रेलियाने त्याचे टपाल तिकीट काढले. सिडनीच्या ऑलिंपिक पार्कमध्ये मोठ्या स्टेडियमजवळ एडविन फ्लॅक अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे.

भारताची गोष्टही अशीच आहे. १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डने दोन दुसरे क्रमांक मिळवले. तो भारताचा की ब्रिटनचा, यावर आजही वाद होतात. ऑलिंपिक समितीच्या नोंदीत ती पदके भारताच्या नावावर आहेत.

आणि आपल्या मराठी मुलखातून मॅरेथॉन धावायला कोण गेले, ठाऊक आहे? बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींतून दोराबजी टाटा यांनी हे धावपटू हेरले, आणि १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतातून खेळाडू गेले. चौगुले मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्यांच्याबरोबर दातार नावाचे दुसरे धावपटूही मॅरेथॉनला उभे होते. त्यांना शर्यत पुरी करता आली नाही, एडविनसारखीच. पुण्याबेळगावच्या मातीच्या रस्त्यांवर धावलेली ही माणसे समुद्र ओलांडून परक्या थंड देशात, दुसऱ्याच राज्यकर्त्यांच्या झेंड्याखाली धावली. तरी आज आपण त्यांना आपलेच म्हणतो ना?

तुम्हालाही हा प्रश्न पडतो, नाही का? सुट्टीत पुण्याला किंवा नागपूरला गेलात की सगळे तुम्हाला ऑस्ट्रेलियाचे म्हणतात. इथल्या शाळेत मात्र तुम्ही कुठले असे विचारतात तेव्हा अपेक्षा असते ती इंडिया या उत्तराची. त्या प्रश्नाचे उत्तर आधी नक्की करून मग धावायचे, असे एडविनने ठरवले असते तर तो लंडनच्या ऑफिसातच बसून राहिला असता. तो आधी धावला. तो कोणाचा याचा हिशेब लोकांनी नंतर केला, आणि तोही बहुतेक त्याच्या मृत्यूनंतर.

पालकहो, एक विनंती. मुलांना एडविनच्या दोन विजयांबरोबर तिसऱ्या शर्यतीचीही गोष्ट जरूर सांगा. जिंकल्यावर थांबणे सोपे होते. ज्यात आपण कच्चे आहोत हे माहीत आहे, अशा शर्यतीला तो आपणहून उभा राहिला. आमच्या वर्गातली काही मुले मराठी वाचताना जोडाक्षरापाशी अडखळतात आणि मग पुस्तकच मिटतात. सदतीस किलोमीटरपर्यंत पोहोचणे हेही पोहोचणेच असते. आणि त्याबरोबर केल्नरची गोष्टही सांगा, कारण पुढचे तीन किलोमीटर हवे असतील तर सरावाला पर्याय नाही!

शब्दांचे अर्थ

उमेदवारी करणे : एखादे काम शिकण्यासाठी अनुभवी माणसांच्या हाताखाली काम करणे.

बिऱ्हाड करणे : एखाद्या ठिकाणी राहण्याची सोय करणे.

झोकांड्या खाणे : तोल जाऊन इकडेतिकडे डोलत चालणे.

बिरूद : लोकांनी कौतुकाने दिलेली पदवी.

जातीने : स्वतः लक्ष घालून.

दंतकथा : पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांगत आलेली गोष्ट.

पुढच्या शनिवारसाठी

१. एडविनच्या पाच दिवसांपैकी एका दिवसाचे चित्र काढा आणि खाली दोन वाक्ये मराठीत लिहा.

२. आजी-आजोबांना फोनवर विचारा : तुमच्या लहानपणी शाळेत कोणत्या शर्यती होत्या? तीन पायांची? लिंबू-चमचा? पोत्यात पाय घालून? तुम्ही कधी शर्यत अर्धवट सोडली होती का? त्यांचे उत्तर वर्गात सांगा.

३. मोठ्या मुलांसाठी : एडविनने मॅरेथॉनला जायला हवे होते की नको? आपले मत आठ ओळींत लिहा. दोन्ही बाजूंनी लिहिलेले चालेल, पण कारण दिले पाहिजे.